कोकमाचं जांभूळ

आमच्याकडे नवीन मुलगी कामाला लागली की पहिल्या आठवड्यात हमखास विचारते, "ताई, गोल्ड चांगलं झालंय हे नुसतं बघून कसं कळतं?" गोल्ड म्हणजे पाण्यात सुटे तरंगणारे सोन्याचे अतिशय बारीक कण. मी सांगते, कोकमाचं सरबत आठव. आगळ नव्हे, आगळ फार गडद. साखर घालून सैलसर केलेलं सरबत, काचेच्या ग्लासात, खिडकीकडे धरलेलं. तो रंग आला की बॅच पास. आणि बिघडलेलं गोल्ड? जांभळं खाऊन झाली की आरशात जीभ बघायची.

विदर्भातल्या मुलींना कोकम सांगून उपयोग नसतो, त्यांना डाळिंबाचा रस सांगते. जांभूळ सगळीकडे चालतं.

मी पुण्याजवळच्या एका एमआयडीसीत, घरच्या घरी करायच्या तपासणीच्या पट्ट्या बनवणाऱ्या छोट्या युनिटमध्ये आहे. गर्भधारणेच्या पट्टीवर जी लालसर रेघ उमटते ना, तो रंग सोन्याचा. खरंखुरं सोनं. साधारण ४० नॅनोमीटरचे गोल कण, त्यांच्या अंगावर अँटिबॉडी बसवलेल्या, आणि ते पट्टीच्या एका कोपऱ्यात वाळवून ठेवलेले. हे कळल्यावर माझ्या मावशीने, वापरलेल्या पट्ट्या जमवून सोनाराकडे नेल्या तर काही मिळेल का, असं अगदी गंभीरपणे विचारलं होतं. नाही मिळणार, मावशी. एका पट्टीवरचं सोनं सोनाराच्या काट्याला जाणवणारही नाही.

आता गेल्या मे महिन्यातली गोष्ट. शनिवारी आम्ही दोन लिटरची बॅच केली. क्लोरोऑरिक अ‍ॅसिडचं (यालाच आम्ही गोल्ड क्लोराईड म्हणतो) पातळ द्रावण उकळायचं, त्यात ट्रायसोडियम सायट्रेट एकदम ओतायचं आणि बघत उभं राहायचं. फिकट पिवळं पाणी आधी रंगहीन होतं, मग राखाडी-काळपट, मग जांभळट, आणि काही मिनिटांत लाल. मी हे शेकडो वेळा केलंय, तरी त्या काळपट टप्प्यावर दर वेळी पोटात गोळा येतो. टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली ही पद्धत नीट तपासून मांडली, १९७३ मध्ये फ्रेन्स यांनी सायट्रेटचं प्रमाण बदलून कण लहान-मोठे कसे करता येतात ते दाखवलं, आणि आजही बहुतेक जण हीच खिचडी शिजवतात. शनिवारी आमची छान शिजली. स्पेक्ट्रोवर, म्हणजे कुठला प्रकाश किती खाल्ला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर, पीक ५२६ नॅनोमीटरला, टोकदार. फ्लास्क झाकून आम्ही घरी.

सोमवारी सकाळी आमच्या ज्युनिअरने त्यातलं थोडं गोल्ड काढून पातळ करायला घेतलं. एक भाग गोल्ड, तीन भाग पाणी. मी शेजारच्या टेबलावर पिपेट भरत होते. ती काहीच बोलली नाही, फक्त नळी माझ्यासमोर आणून धरली. जांभूळ.

पुढचे दोन दिवस आम्ही काय काय केलं ते आठवलं की लाज वाटते. सरांना वाटलं, गोल्ड क्लोराईडचा नवा लॉट खराब आहे. मला वाटलं, काच नीट धुतली गेली नाही. काचेची भांडी आम्ही अम्लराजाने धुतो, तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक, म्हणजे आधीच्या बॅचचा एखादा कण चिकटला असेल तर विरघळून जावा. ती सगळी पुन्हा धुतली. सायट्रेट नवं वजन केलं. ज्युनिअर बिचारी स्वतःच्याच हाताला दोष देत होती. गंमत म्हणजे मूळ फ्लास्कमधलं गोल्ड अजून कोकमासारखं लालच होतं. ते आमच्या डोळ्यांसमोर होतं, आणि तरी आम्ही सगळे सोन्याचीच उलटतपासणी घेत होतो.

मंगळवारी संध्याकाळी, बस चुकली म्हणून बसून होते, तेव्हा सुचलं. सहा नळ्या घेतल्या. प्रत्येकीत तेच एक मिलिलिटर गोल्ड. पहिलीत इंजेक्शनसाठी मिळतं ते सीलबंद निर्जंतुक पाणी तीन मिलिलिटर. दुसरीत विकतच्या बाटलीतलं, तिसरीत नळाचं, चौथीत आवारातल्या बोअरचं, पाचवीत आमच्या डीआय, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याच्या कॅनमधलं, सहावीत सलाईन.

सलाईनची नळी मी खाली ठेवेपर्यंत निळसर झाली. इंजेक्शनच्या पाण्यातली ढिम्म हलली नाही. विकतच्या पाण्यातलीही तशीच. नळाच्या पाण्यातली किंचित मळकट झाली आणि तिथेच थांबली. बोअरची काही मिनिटांत जांभळी झाली. आणि कॅनमधली? बोअरच्या नळीच्या शेजारी धरली तर कुठली कुठली ते सांगता येईना.

पाण्याचा प्लांट बघणाऱ्या काकांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, रेझिन शुक्रवारीच संपलं ना. माणूस सोमवारी येणार होता, तो आला नाही. काम अडायला नको म्हणून बायपास उघडला मी." रेझिन म्हणजे पाण्यातले क्षार धरून ठेवणारे मणी, आणि बायपास म्हणजे पाणी त्यांना टाळून थेट. शनिवारची बॅच गुरुवारी भरलेल्या कॅनमधून केली होती. सोमवारचा कॅन थेट बोअरचा. पाण्यात किती क्षार आहेत ते सांगणारा कंडक्टिव्हिटीचा मीटर प्लांटवर बसवलेला आहे, चालूही होता, त्यावर आकडा दिसतही होता. रोज तो रजिस्टरमध्ये लिहायचा असतो. सोमवारच्या रकान्यात नेहमीचा आकडा लिहिलेला होता आणि खाली सही माझी होती. त्यामुळे काकांना काही बोलायला मला तोंडच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "पाण्यात एवढं काय असतं?" ते मार्केटिंगकडून आलेले, प्रश्न प्रामाणिक होता. त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस सांगते.

सोन्याचे दोन कण एकमेकांच्या जवळ आले की त्यांना चिकटायचंच असतं. ही ओढ सगळ्याच पदार्थांच्या कणांत असते, पण धातूंमध्ये आणि सोन्यात तर फारच जोरदार. एकदा दोन कण अंगाला अंग लावून बसले की हलवून, ढवळून, गरम करून, कशानेही सुटे होत नाहीत. आणि ते एकमेकांवर आदळत असतातच, पाण्याच्या रेणूंचे धक्के खात सारखे भटकत असतात. म्हणजे खरा प्रश्न "गोल्ड बिघडलं का" हा नाहीच. ते इतके दिवस बिघडलं नाही कसं, हा आहे.

ते बिघडत नाही कारण प्रत्येक कणाच्या अंगावर सायट्रेट बसलेलं असतं आणि त्यामुळे कणावर ऋण प्रभार असतो. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात, हे सातवीतल्या मुलालाही येतं. पण ते किती लांबून ढकलतात हे कणाच्या हातात नसतं. ते ठरवतं भोवतीचं पाणी. पाण्यातले धन आयन, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे धन प्रभाराचे तुकडे, त्या ऋण कणाभोवती गोळा होतात आणि त्याचा प्रभार बाहेरून झाकून टाकतात. आयन जितके जास्त, तितकं झाकण घट्ट.

चिपळूणच्या एसटी स्टँडवर जुलैत उभे राहिला असाल तर हे लगेच कळेल. धो धो पाऊस, छप्पर गळतंय, प्रत्येकाची छत्री उघडी. कितीही गर्दी असो, दोन माणसांत छत्रीएवढं अंतर राहतंच. पाऊस थांबला, छत्र्या मिटल्या, की तीच माणसं खांद्याला खांदा. कणाच्या प्रभाराची पोच ही त्याची छत्री. मीठ ती मिटवतं. माणूस तोच, छत्रीही हातात तीच, फक्त मिटलेली.

या छत्रीची लांबी काढायचा हिशेब आहे आणि तो मला फार आवडतो, कारण इतका सोपा हिशेब इतकं काही सांगून जातो. साध्या मिठाच्या १ मिलिमोलर, म्हणजे अगदी पातळ, द्रावणात ती साधारण ९.६ नॅनोमीटर येते. मीठ शंभरपट केलं की लांबी दहापट कमी, जेमतेम १ नॅनोमीटर. सलाईन म्हणजे ०.९ टक्के मीठ, १५४ मिलिमोलर, तिथे ०.८ च्या आत. आणि सोन्याची ती चिकट ओढ काही नॅनोमीटरपर्यंत चांगलीच जाणवते. म्हणजे सलाईनमध्ये ढकलाढकल सुरू व्हायच्या आधीच ओढीने डाव साधलेला असतो. डेर्यागिन आणि लांडाऊ यांनी १९४१ मध्ये सोव्हिएत संघात, आणि फेरवे आणि ओव्हरबेक यांनी १९४८ मध्ये नेदरलँड्समध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे हाच ओढ-ढकल हिशेब मांडला. चौघांच्या आडनावांची आद्याक्षरं जोडून त्याला डीएलव्हीओ म्हणतात. एमएस्सीला मी त्याचे आलेख पाठ केले होते. छत्री तेव्हा दिसली नव्हती.

रंग का बदलतो ते थोडक्यात. सुटा कण हिरवा प्रकाश खातो म्हणून आपल्याला लाल दिसतो. कण चिकटले की त्यांच्यातले इलेक्ट्रॉन जोडीने डोलू लागतात, खाल्ला जाणारा प्रकाश लाल-नारिंगीकडे सरकतो आणि आपल्याला निळं-जांभळं दिसतं. सोन्यात रसायन म्हणून काहीही बदललेलं नसतं.

हे सगळं सलाईनचं झालं. पण बोअरचं पाणी काही खारट नव्हतं. आम्ही हात धुतो त्याने, नवखा माणूस पितोही. मग ते इतकं का भोवलं? प्लांटच्या फायलीत बोअरच्या पाण्याचा जुना रिपोर्ट सापडला. जडपणा लिटरला ४६० मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने. म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून साडेचार मिलिमोलर, आणि आमच्या नळीत पातळ होऊन साडेतीनच्या आसपास. नुसतं साडेतीन. मी मिठाचं द्रावण करून बघितलं, तेवढाच परिणाम व्हायला दहापटीहून जास्त मीठ लागलं.

इथे मला आजी आठवते. आमचं गाव वाशिष्ठीच्या खाडीकाठी. पावसाळ्यात विहिरीला तांबडं गढूळ पाणी यायचं, चहासारखं. आजी हंडा भरला की तुरटीचा खडा हातात धरून पाण्यात गोल फिरवायची, तीन-चार फेरे, मोजून. "जास्त नको, तुरट लागतं," म्हणायची. मग हंडा झाकून ठेवायचा. सकाळी तळाला चिखलाचा थर, वर नितळ पाणी. त्या मातीच्या कणांवरही ऋण प्रभारच असतो, आणि म्हणून ते रात्रभर काय, आठवडाभर नुसते ठेवले तरी खाली बसत नाहीत. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमवर तीन धन प्रभार. शिवाय ते पाण्याशी अभिक्रिया करून चिकट जाळ्यासारखं हायड्रॉक्साईड बनवतं आणि त्यात गाळ अडकतो. मीठ घालून हेच करायचं म्हटलं असतं तर आजीला हंड्यात मूठ-मूठ मीठ टाकावं लागलं असतं, आणि ते पाणी प्यायलं कोण असतं?

प्रभार एकाचा दोन, दोनाचा तीन झाला की आयनाची ताकद नुसती दुप्पट-तिप्पट होत नाही, कितीतरी जास्त वाढते, हे शुल्झ यांनी १८८२ मध्ये आणि हार्डी यांनी १९०० मध्ये दाखवलं. भरपूर प्रभार असलेल्या कणांसाठी हिशेब अगदी टोकाचा येतो: एक प्रभाराच्या आयनाचं जेवढं प्रमाण लागतं त्याच्या चौसष्टाव्या भागात दोनवाल्याचं काम होतं, तीनवाल्याचं सातशे एकोणतिसाव्या. आमच्या सायट्रेटवाल्या सोन्यात फरक इतका पडत नाही, कणावरचा प्रभार तेवढा भरभक्कम नसतो. पण कॅल्शियमची आणखी एक खोड आहे, ते सायट्रेटला धरतं. एका कणावरचं सायट्रेट एका हाताने आणि शेजारच्या कणावरचं दुसऱ्या हाताने. छत्री मिटवून वर दोघांचे हात एकमेकांच्या हातात देणारा मध्यस्थ.

आजीच्या घराच्या मागे खाडी. पावसाळ्यात वरून येणारं पाणी गढूळ आणि गोडं, खालून भरती आली की खारं. जिथे दोन्ही भेटतात त्या पट्ट्यात गाळ धरतो. लहानपणी मला वाटायचं, पाणी मंदावतं म्हणून बसतो. तेही आहेच. पण गोड्या पाण्यात सुटे राहणारे मातीचे बारीक कण खारं पाणी लागलं की गुठळ्या करतात आणि त्या जड होऊन खाली जातात, हेही आहे. खाडीतल्या चिखलात गुडघाभर रुतून तिसऱ्या (शिंपल्या) काढताना ही सगळी केमिस्ट्री माझ्या पायांना चिकटली होती. मला ती कळायला एका चुकीच्या कॅनची वाट बघावी लागली.

मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाला मात्र हे कळलं होतं. १८५० च्या दशकात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो गोल्ड क्लोराईडच्या द्रावणाला फॉस्फरस लावून लाल द्रव करत बसायचा. १८५७ मध्ये त्याने यावर जे व्याख्यान दिलं त्यात लिहून ठेवलंय की थोडं साधं मीठ घातलं की माणकासारखा लाल रंग निळसर होतो. नॅनो हा शब्द नव्हता, कण दिसतील असं यंत्र नव्हतं, तरी त्याने ओळखलं की हे विरघळलेलं सोनं नाही, अतिशय बारीक सुटं सोनं आहे, आणि रंग बदलला तरी सोनं सोनंच राहतं. जेली घातली की मिठाचा मारा सोसतो, हेही त्याने पाहिलं होतं. त्याच्या हातच्या काही बाटल्या अजून तिथे जपून ठेवल्या आहेत. आमच्या कॅनमधल्या पाण्याने त्या धुऊ नयेत, एवढीच प्रार्थना.

ती जेली महत्त्वाची. बीएस्सीला "गोल्ड नंबर" नावाचं एक प्रकरण असतं. १० मिलिलिटर लाल गोल्ड, त्यात १० टक्के मिठाचं द्रावण १ मिलिलिटर. रंग जांभळा होऊ नये म्हणून आधी कमीत कमी किती मिलिग्रॅम जिलेटिन किंवा डिंक घालावा लागेल, तो आकडा. झिगमाँडींनी काढलेली ही मोजणी, पुढे १९२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना मिळालं. जिलेटिन ०.००५ ते ०.०१, डिंक ०.१५ ते ०.२५, बटाट्याचं स्टार्च २५ च्या आसपास. हे आकडे मी परीक्षेच्या आदल्या रात्री घोकले, पेपरात ओतले आणि विसरले. कुणीही, कधीही, एक थेंब गोल्ड दाखवलं नाही. प्रॅक्टिकलच्या यादीत ते नव्हतंच.

आज माझी अर्धी नोकरी म्हणजे तीच परीक्षा. अँटिबॉडी सोन्यावर पुरेशी बसली का, हे बघायला दहा नळ्यांत कमी-जास्त अँटिबॉडी घालायची, जरा वेळ द्यायचा आणि प्रत्येकीत १० टक्के मीठ टाकायचं. ज्या नळीपासून पुढे रंग लालच राहतो तेवढी अँटिबॉडी किमान हवी. आम्ही याला "मीठ मारणं" म्हणतो. "मीठ मारलंस का?" "मारलं, चौथीपासून टिकतंय." बाहेरच्या माणसाने ऐकलं तर त्याला वाटेल कैरीचं लोणचं चाललंय.

अँटिबॉडी, जिलेटिन, डिंक यांच्यामुळे कण टिकतो तो वेगळ्याच कारणाने. अंगावर लोकर चढते. लोकर लोकरीला लागली की आत सोन्याला सोनं भेटतच नाही, मग छत्री मिटली तरी बिघडत नाही. पोथ्या लिहायची जुनी शाई काजळीत डिंक खलून करत, तीही याच लोकरीवर टिकलेली. पट्टीवर लघवी किंवा रक्त टाकलं की कणांवर भरपूर क्षार येऊन आदळतात, तरी ते सुटे राहून पट्टीवरून पुढे सरकतात, तेही हिच्याच जोरावर.

पण लोकर चढवतानाही पाणी आधी बघावं लागतं. अँटिबॉडी विकत येते ती बहुतेक वेळा फॉस्फेट बफर सलाईनमध्ये, आणि त्यात मीठ १३७ मिलिमोलर. ती तशीच सोन्यात ओतली तर अँटिबॉडी बसायच्या आधी मीठ आपलं काम करून मोकळं होतं. म्हणून आधी डायलिसिसने मीठ काढायचं, मग सोनं, मग बीएसए नावाचं प्रथिन, आणि सगळं झालं की हवं तेवढं मीठ. घटक तेच, क्रम उलटा केला की जांभूळ. आम्लताही जुळवावी लागते, थोडं पोटॅशियम कार्बोनेट घालून. ती मोजायला उघड्या सोन्यात पीएच मीटरचा इलेक्ट्रोड बुडवलात तर गोल्ड इलेक्ट्रोडच्या तोंडाशी बसतं आणि मीटर खुळ्यासारखे आकडे दाखवतो. एक इलेक्ट्रोड घालवून शिकलेला धडा. आम्ही कागदाची पट्टी वापरतो.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की शुद्ध पाणी चांगलं आणि बाकी सगळे द्रव वाईट. मलाही काही वर्षं तसंच वाटायचं, खरं तर तसं वाटायचं कारण नव्हतं, कारण माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट नेमका उलट होता. ब्रुस्ट आणि शिफ्रिन यांच्या १९९४ च्या पद्धतीने आम्ही दोन-तीन नॅनोमीटरचं सोनं करायचो, टोल्युइनमध्ये. कणांच्या अंगावर बारा कार्बनच्या शेपट्या, गंधकाने सोन्याला धरलेल्या. रंग तपकिरी, काळ्या चहासारखा. टोल्युइनचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे प्रभारांना एकमेकांपासून सुटं ठेवायची ताकद, २.४, पाण्याचा ७८. म्हणजे टोल्युइनमध्ये प्रभार, आयन, छत्री, यातलं काही कामाचंच नाही. तरी ते कण महिनोन् महिने टिकायचे, कारण त्या शेपट्यांना टोल्युइन आवडतं. त्यात त्या पसरून राहतात.

मग धुवायला काय करायचो? इथेनॉल ओतायचो. शेपट्यांना इथेनॉल अजिबात रुचत नाही, त्या अंगालगत मिटतात, एकमेकींत गुंततात, आणि बघता बघता काळा गाळ तळाला. वरचं ओतून टाकायचं, ताजं टोल्युइन घालायचं, हलवायचं, की सगळं पुन्हा जसंच्या तसं. मी हे सलग चार-चार वेळा करायचे, नुसतं बघायला मजा यायची म्हणून. तो बसलेला गाळ पुन्हा उठतो कारण शेपट्या मध्ये असल्याने सोन्याला सोनं लागलेलं नसतं. माझं मे महिन्यातलं जांभूळ मात्र कितीही डीआय पाणी घालून परत कोकम झालं नाही. ज्युनिअरने प्रयत्न करून बघितला, मी अडवलं नाही.

आणि त्या टोल्युइनवाल्या सोन्याला आमचं लाखमोलाचं डीआय पाणी दाखवलं तर? त्यात उतरतच नाही. दोन द्रवांच्या मधल्या रेषेवर काळी साय धरून बसतं. तेव्हा "हे कण स्थिर आहेत का" असं कुणी विचारलं की मी हल्ली उलट विचारते, "कशात?" एका कंपनीच्या माहितीपत्रकात "अत्यंत स्थिर कण" असं ठळक छापलेलं होतं, द्रवाचा पत्ताच नाही. मी तो कागद बाटलीखाली ठेवायला वापरते.

अजून एक प्रकार सांगायचा राहिला, कारण त्यात कुणी कसलंच पाणी बदललं नव्हतं. एका नव्या मुलाने चांगुलपणाने गोल्डची बाटली उणे वीसच्या फ्रीझरमध्ये ठेवली. जास्त थंड म्हणजे जास्त टिकेल, असं त्याचं गणित. दोन दिवसांनी बाहेर काढून वितळवली तर बाटलीत स्वच्छ पाणी आणि तळाला काळे कण. बर्फाचे स्फटिक वाढताना सोनंही आत घेत नाहीत आणि क्षारही घेत नाहीत, दोघांना बाहेर ढकलत नेतात. शेवटी उरलेल्या पाण्याच्या चिंचोळ्या फटींत सगळं सोनं आणि सगळं सायट्रेट कोंडलं जातं. म्हणजे पाणी तेच, फक्त जे द्रव राहिलं ते भलतंच खारट आणि गर्दीचं झालं. पट्टीवर सोनं वाळवताना आम्ही भरपूर साखर घालतो ती याच जातीच्या संकटासाठी. पाणी उडून जातं तेव्हा कणांमध्ये साखर भरून राहते आणि ओलं झाल्यावर विरघळून त्यांना मोकळं करते. त्या मुलाला मी ओरडले नाही. रजिस्टरवरच्या सहीची आठवण ताजी होती.

त्या सहा नळ्या मी फेकल्या नाहीत. खिडकीशेजारच्या स्टँडमध्ये अजून आहेत. सलाईन, बोअर आणि कॅन या तिन्ही आता वर पाण्यासारख्या स्वच्छ आहेत, तळाला काळपट डाग. नळाच्या पाण्यातली खाली उतरत उतरत अर्ध्यावर आली आहे. इंजेक्शनच्या पाण्यातली अजून कोकम. नवीन मुलींना रंग दाखवायला आता सरबत लागत नाही.

काकांनी रजिस्टरवरचा विश्वास सोडलाय. प्लांटच्या खोलीत भिंतीवर कॅलेंडर आहे, त्याच्या तारखेच्या चौकटीत ते रोज सकाळी मीटरचा आकडा पेनाने लिहितात, एकादशी आणि दुधाच्या हिशेबाच्या मधोमध. मी नऊ वाजता जाते, मीटर बघते, कॅलेंडर बघते, मगच सही करते. आज सकाळी त्यांनी दारातूनच हाक मारली, "ताई, आज ०.८ आहे. कोकमाला चालेल ना?"

चालेल, काका.